कठड्यावरची लाल चादर

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तब्येत कशी आहे म्हणून विचारलंस. तब्येतीला काय धाड भरली आहे? दोन वेळा जेवते, मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवते आणि धरणावरच्या त्या दारवाल्याचं वाटोळं कसं होईल याचा विचार करते. लेक बरी आहे. परवा तिने विचारलं की बाबांची घरी राहिलेली जुनी गळाची काठी कुणाला तरी देऊन टाकायची का. मी तिच्यावर उगाच खेकसले.

परवा तो दारवाला आला होता. टोपी हातात धरून उभा राहिला. मी तोंडावर दार आपटलं. धरणाचे दरवाजे उघडताना ज्याला भोंगा वाजवावासा वाटला नाही, त्याने माझ्या दाराची कडी वाजवायची हिंमत करावी? म्हणे रविवारी भोंग्याऐवजी कठड्यावर लाल चादर टाकायची पद्धत होती. मी जबाबात स्वच्छ लिहून दिलंय: नदीवर गेले की ह्यांच्या डोळ्यांवर लांबचा चष्मा असायचाच, त्या दिवशीही होता, चादर असती तर दिसली असती. म्हणजे चादरही नव्हती. झोपला असेल मेला.

तू धरणाच्या ऑफिसात इंजिनियर आहेस, काठाच्या नव्या नियमांचा मसुदा तुझ्याच टेबलावर आहे, हे मला ठाऊक आहे. मला दोन गोष्टी हव्यात. त्याची नोकरी जायला हवी. आणि धरणाखालचा सगळा काठ काटेरी तारेने बंद. माझा माणूस जिथून वाहून गेला तिथे दुसऱ्या कुणी मजेत गळ टाकून बसलेलं मला खपणार नाही. एवढं बहिणीसाठी कर. लहानपणी तुझ्या सगळ्या चोऱ्या मी अंगावर घेतल्यात, विसरू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चोऱ्या तू अंगावर घेतल्यास हे खरं, पण त्यातला अर्धा माल तूच खायचीस, हेही लक्षात असू दे.

आता जे लिहितो त्याचा राग येईल. भोंगा बंद ठेवायचा अर्ज गळवाल्यांनीच दिला होता. भोंगा वाजला की तासभर मासा फिरकत नाही, म्हणून रविवारी चादर टाकावी, अशी विनंती. अर्ज माझ्यासमोर आहे. पहिली सही भावोजींची आहे, अक्षरही त्यांचंच. दारवाल्याने साहेबांना न विचारता ते ऐकलं, हा त्याचा गुन्हा, आणि तो कबूल करतो. पण त्या दिवशी चादर होती, ताई. पाच जण ती पाहून सामान गोळा करून वर आले. भावोजी एकटे पलीकडच्या खडकावर होते. हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात पोचल्या नाहीत.

सगळा काठ बंद करायला माझं मन घेत नाही. रिटायर झालेला पोस्टमन तिथे बसतो, बायको गेल्यापासून त्याला दुसरी जागा नाही. मी लिहिलंय की भोंगा दर वेळी वाजलाच पाहिजे, पलीकडच्या खडकावर कुणी जायचं नाही, आणि पिवळ्या रेघेच्या वर बसून खुशाल गळ टाकावा. तार लावली तर लोक ती कापून आत शिरतील आणि मग त्यांच्यावर लक्ष ठेवायलाही कुणी नसेल.

सुनावणी वीस तारखेला आहे. तुझ्या जबाबावर त्याची नोकरी जाईल. चादर नव्हती असं म्हणणारी तू एकटीच आहेस, पण तू विधवा, साहेब तुझाच शब्द मानतील. एक गोष्ट मला समजत नाही. काठावर ठेवलेल्या भावोजींच्या पिशवीत चष्म्याची डबी मिळाली. बंद होती, आत चष्मा नव्हता. डोळ्यांवर होता, वाहून गेला, असंच मी अहवालात लिहू ना? तू सांगशील तसं लिहीन.

तुझ्या मायेचा धनी,

ठोंब्या

ता. १५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद. वि. वि.

तसं लिहू नकोस.

चष्मा मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या खाली. आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. रविवारी लेकीची नवी शाळा बघायला जायचं ठरलं होतं आणि हे म्हणाले, पुढच्या रविवारी. पुढचा रविवार म्हणत वर्ष काढलं त्यांनी. घरात त्यांना तो चष्मा लागत नसे. सकाळी हे अंघोळीला गेल्यावर मी डबीतून तो काढला आणि डबी पुन्हा पिशवीत ठेवली. म्हटलं, नदीवर जाऊन उघडा डबी, होऊ दे फजिती, आणि मुकाट्याने घरी या. आल्यावर काय काय टोमणे मारायचे तेसुद्धा ठरवून ठेवले होते. तासाभरात परततील अशी माझी खात्री होती. पण हे हट्टी. दोरी बोटाला गुंडाळून बसले असतील, मासा लागलेला बोटाला कळतो म्हणून.

कुणाचा तरी सूड घेतल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता रे. दारवाला समोर होता, त्याला धरलं. चष्मा डोळ्यांवर होता असं बेधडक लिहून दिलं.

त्याला मी माफ केलेलं नाही, हे नीट ऐक. भोंगा त्याने बंद ठेवला, त्याची शिक्षा त्याला होऊ दे. पण चादर त्याने टाकली होती. वीस तारखेला मी स्वतः येते, चष्मा घेऊन. साहेबांच्या टेबलावर ठेवीन आणि माझा जबाब खोटा आहे असं सगळ्यांसमोर सांगेन, दारवाला समोर उभा असताना. लेकीला त्याआधी घरी मीच सांगेन. तुझा मसुदा आहे तसाच राहू दे, माझं तारेचं मागणं विसरून जा. गळाची काठी येताना आणते, ती त्या पोस्टमनला दे.

दर पत्राच्या शेवटी माया राहू दे म्हणून लिहीत आले. आज तसं मागायला हात धजत नाही. तुला जमलं तर ठेव.

ताई