वानवळे कोण?

३ मे, शनिवार

मुलीचा फोन. तेच टुमणं – "बाबा, घर बंद करा नि इकडे या. तिथे आता तुमचं आहे कोण?" तिची आई गेल्यापासून हेच चाललंय. आज वैतागून बोलून बसलो – आमच्या आवारात ताज्या भाजीचा बाजार सुरू करतोय. महिनाभरात त्याचा जम बसला नाही, तर मुकाट्याने येतो! बाजार तोवर माझ्याही डोक्यात नव्हता.

५ मे

नदीपलीकडच्या मळेवालीला गाठलं. तिची भाजी ट्रकमधून लांबच्या मोठ्या बाजारात जाते, तिथे सुकते आणि परत आमच्याच कोपऱ्यावरच्या दुकानात येते! म्हटलं, बाई, पूल ओलांडून सरळ आमच्याकडे या. "लोक घेतील का पण, काका?" घेतील तर! – दिलं ठोकून.

६ मे

पाटी रंगवली. नाव – 'वानवळा'. लहानपणी मळ्यातल्या पहिल्या शेंगा चुलीवर चढायच्या आधी आई मला पिटाळायची, "आधी शेजारी वानवळा देऊन ये." आणि आमची ही! गच्चीतल्या कुंडीत दोन मिरच्या लागल्या, तरी एक कागदात गुंडाळून समोरच्या दारात. हसायचो मी तिला. पाटी वाळत ठेवली आणि एकदम भरून आलं. फार आठवण येते तिची.

११ मे, रविवार

फज्जा! तळमजल्यावरच्या शिंपीणबाई सोडल्या, तर कुणी पिशवी उघडली नाही. आणि विचारतात काय – "हे वानवळे कोण? तुम्हीच का?" तिसऱ्या मजल्यावरची बँकवाली तर म्हणाली, "वानवळेकाका, तुमचे टोमॅटो असे वाकडे का?" आडनाव बदललं ते बदललं, टोमॅटोही माझेच झाले! चिडून सगळ्यांना अर्थ सांगितला – पहिलं पीक शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रेमाने द्यायचं, तो वानवळा.

१८ मे, रविवार

सांगितलं तेच चुकलं. "वानवळा ना? मग फुकट!" – हां हां म्हणता टोपली रिकामी. मळेवाली कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "काका, अशाने तुम्ही मलाच वानवळा म्हणून वाटाल." आता येणार नाही म्हणाली. बरोबरच आहे तिचं.

मुलीकडे जायचं म्हणून कपाट आवरायला घेतलं. हिच्या साड्यांपाशी अडलो.

२२ मे

बँकवाली दारात! "वानवळेकाका, त्या वाकड्या टोमॅटोंना वास होता हो! आजीकडे असायचा तसा. त्या बाई कधी येणार? विकत घेईन." तिच्यामागे जिन्यात आणखी चौघं. तडक पूल ओलांडून मळ्यात गेलो. मळेवालीने आधी मला यथेच्छ झापलं, मग हो म्हणाली.

२५ मे, रविवार

सगळा माल संपला! जिन्यात मान वर न करणारी माणसं रांगेत एकमेकांना घेवडा कसा निवडायचा ते शिकवत होती. बँकवालीने आपल्या कुंडीतला पुदिना वाटला. ही असती तर मिरच्या घेऊन सगळ्यांत आधी खाली उतरली असती.

मुलीला फोन केला – हरलीस! तिने कोण कोण आलं होतं ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं, बाबा."

१ जून, रविवार

मुलगी आली, न कळवता. मोठी बॅग घेऊन. आवारातली गर्दी बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "तुमची काळजी हे निमित्त होतं, बाबा. मलाच तिथे कुणी नाही."

तिच्या खोलीत कांदे पसरले होते. ते हलवले.