हौदातला रणगाडा

८ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

उभा असशील तर आधी बस. तुझा रणगाडा सापडला! लढाईत त्याला पलीकडे नेणारा तराफा कलंडला आणि तुम्ही चौघं ज्या तळ्यातून पोहत बाहेर आलात, त्याच तळ्याच्या गाळात तो इतकी वर्षं निवांत पडून होता. यंदा पाणी पार खाली गेलं आणि त्याचा घुमट दिसला. काल आमच्या संग्रहालयानं क्रेन लावून त्याला वर काढलं. शेवाळ्याच्या झिरमिळ्या लेवून, पाणी गाळत तो अगदी सावकाश वर आला. मग तोफेच्या नळीतून एक मासा टुपकन पडला आणि क्रेनवाल्यासकट सगळे हसलो.

या जातीचे बाकीचे सगळे लढाईनंतर भट्टीत गेले. त्यांचे तवे झाले, खिळे झाले, पुलांचे कठडे झाले. हा एकटाच उरलाय. गाळात हवा नव्हती म्हणून टिकला. आता उघड्यावर ठेवला तर झपाट्यानं गंजेल. म्हणून त्याला औषध घातलेल्या पाण्याच्या हौदात ठेवलाय.

मला धास्ती आहे ती संचालकांची. त्यांना तो खरवडून, रंगवून, नवं इंजिन बसवून उद्घाटनाला चालवायचाय. मी नको म्हणते. शेवटी ते म्हणाले, याचा ड्रायव्हर हयात आहे ना, तो सांगेल तसं करू. तेव्हा सांग. मामीच्या गुडघ्यांची चौकशी केलीय म्हणावं.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतोस),
भिंगरी

१७ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मामीनं कानाशी ओरडून वाचून दाखवलं, दर ओळीला थांबून माझं तोंड बघत. नंतर मी दाढी करायला घेतली, तर म्हणते, लग्नातसुद्धा इतकी तुकतुकीत केली नव्हतीत. तिचे गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे.

तुला वाईट वाटेल पोरी, पण चालवा त्याला. माझे कान आता जवळजवळ गेलेत. ते इंजिन मात्र कानांनी ऐकायचंच नाही, ते छातीत घुमतं. एकदा ऐकलं की सुटलो. माझा होकार कळव. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा,
मामा

२९ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. फक्त होकार कळवण्याआधी एक सांगते. काल हौदातलं पाणी बदलताना मी तुझ्या जागेवर उतरले आणि मऊ ब्रशनं गाळ काढत बसले. तुझ्या डाव्या हाताच्या भिंतीवर हळूहळू पिवळं काहीतरी उमटायला लागलं. पडदा निघाला. मग चौकट, मग कुंडी, कुंडीत लाल फूल. मामा, त्या लोखंडावर कुणीतरी खिडकी रंगवलीय! मी किती वेळ तिच्यातून बाहेर बघत होते कोण जाणे.

खरवडलं तर ती जाईल. कुणाची आहे? तरीही तू हो म्हणालास तर कळवीन. तुझ्यावरची माया तेवढीच राहील.

भिंगरी

१० मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

लंबूची. आमचा गोळे भरणारा. मला समोर नुसती बोटभर फट, आणि फटीत धूळ. मी सारखा कुरकुरायचो. एका दुपारी त्यानं मला पाणी आणायला पिटाळलं. येऊन बघतो तर ही खिडकी! दुसऱ्या दिवशी पिवळ्या रंगाचा डबा गायब म्हणून छावणीभर बोंब. तराफा बुडाल्यावर त्याला दुसरा रणगाडा मिळाला, आणि त्यातच तो गेला. बायको नाही, मूल नाही, साधा फोटो नाही. मला वाटलं होतं, त्याचं काहीच उरलं नाही.

चालवू नका. खरवडायला कुणी आलं तर माझं नाव सांग. मामी डोळे पुसतेय आणि कांद्याचं निमित्त सांगतेय.

मामा

२ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं संग्रहालय बघून सुखरूप घरी पोचलो. संचालक फुगले होते, पण खुर्ची त्यांनी स्वतः आणून दिली हे लक्षात ठेवीन. तू चहाला गेलीस आणि मी हौदापाशी एकटाच उरलो. पाण्यात तो हलल्यासारखा वाटत होता, झोपेत श्वास घ्यावा तसा. आत असताना आम्ही कायम घसा फोडून बोलायचो. त्या गडगडाटात दुसरा इलाजच नव्हता. त्या दिवशी मी वाकून, पहिल्यांदाच, हळू आवाजात लंबूशी बोललो. काय ते विचारू नकोस.

तब्येतीला जप. आमच्यावर जीव आहेच, तो असाच राहू दे.

मामा