डावी सीट

३ मार्च, मंगळवार

पिकअप गेली! चोरीला नाही – चढावर अर्ध्यात क्लच जळला. हौद्यात विक्रीच्या नमुन्याचे पाच दरवाजे उभे, मागे ट्रकची रांग, आणि मी मधोमध. टोचन लावून गॅरेजपर्यंत आणली. गॅरेजवाला खाली वाकून बघून आला आणि नुसता हात पुसत राहिला. डॉक्टर बाहेर येऊन चष्मा पुसायला लागले की नातेवाईक जे समजतात, तेच मी समजले. क्लच बदलता येईल म्हणाला, पण इंजिन आता रोजच्या पळापळीला पुरायचं नाही.

कंपनीच्या मालकांना फोन केला. म्हणाले, नवीन घेऊ. चालवायची तुम्हाला, तेव्हा निवडा तुम्हीच. फक्त महिनाअखेरच्या आत निवडा.

मी निवडायची! एवढी वर्षं कंपनी देईल ती गाडी पळवली. दिवसभर चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं. बंद पडलेल्या गाडीशेजारी उभी राहून हसणारी बाई बघून लोक काय म्हणाले असतील देव जाणे.

४ मार्च, बुधवार

मला काय हवं ते झोपायच्या आधी लिहून टाकते, नाहीतर शोरूमच्या दिव्यांखाली सगळं विसरायची.

दरवाजा फोटो बघून कोणी घेत नाही. माणूस तो उघडतो, लावतो, लागताना होणारा आवाज ऐकतो, मग एकदा पुन्हा उघडतो आणि त्यानंतर कुठे बोलायला लागतो. म्हणून नमुने चौकटीसकट हौद्यात उभे करून गावोगाव न्यावे लागतात. टोलवरचा माणूस दर वेळी विचारतो, ताई, बाकीचं घर कुठे सांडलं? तेव्हा हौदा लांब हवा. आणि बुटका हवा, कारण दरवाजा मला एकटीलाच चढवायचा-उतरवायचा असतो. क्लच हलका हवा, गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत. आणि ती बिघडली तर माझ्या वाटेवरच्या छोट्या गावातही दुरुस्त होणारी हवी. रंग मळखाऊ.

आणि केबिन – केबिनबद्दल काय लिहू? ती माझी खोली आहे. घरात मला माझी अशी खोली कधी नव्हती. तिथे मी बेसूर गाते, गिऱ्हाइकांच्या नकला करते, वाटेल तिथे थांबून शेंगदाणे खाते. कोणी ऐकायला नाही, कोणी विचारायला नाही. त्यासाठीच तर मी ऑफिसातली खुर्ची दोनदा नाकारली.

६ मार्च, शुक्रवार

पहिलं शोरूम. मास्तर बरोबर आले. गेल्या शनिवारी ते ड्रायव्हिंग स्कूलमधून निवृत्त झाले. त्यांना सगळा गाव मास्तर म्हणतो आणि नवरा असला तरी मीही तेच म्हणते. मी गाडी त्यांच्याकडेच शिकले. आधी लायसन्स मिळालं की आधी लग्न ठरलं, यावर आमचं अजून एकमत नाही.

सेल्समन सगळं मास्तरांनाच सांगत होता. सर हे बघा, सर ते बघा. मास्तर म्हणाले, "मला काय सांगता? चालवणार त्या आहेत." मग तो माझ्याकडे वळला आणि मोठ्या पडद्यावर गाणी कशी लावायची ते दाखवायला लागला. मी विचारलं, हौद्याचा मागचा फाळका पाडला की हौदा जमिनीपासून किती उंच? तो आत विचारायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी आपली फाळक्याला छाती लावून बघितली. उंच. फारच उंच.

तरी ट्रायल घेतली. मास्तर वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले. आणि मग सुरू झालं! सिग्नल दिसला – त्यांचा पाय खाली धप्प. बस आडवी आली – धप्प. कोपऱ्यावर एक आजोबा – धप्प, धप्प. स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकणाऱ्याचं डोकं फिरलं तर मास्तरांनी दाबायचा. सगळी नोकरी त्या ब्रेकवर पाय ठेवून गेली. आता ब्रेक नाही, पण पाय कोण थांबवणार?

मी दात-ओठ खात गाडी चालवली. गाडी नापास.

८ मार्च, रविवार

लेकीचा फोन. तिचं म्हणणं, डबल केबिनवाली घे, मागेही सीट असलेली. दिसतेही छान. मग मुद्द्यावर आली. "आई, बाबा घरात बसून काय करणार गं? त्यांना बरोबर नेत जा. तुलाही सोबत."

सोबत! मी हं हं केलं आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध फ्रिजमध्ये होतं.

ह्या वहीशी तरी खोटं बोलू नये. मला नकोय सोबत. मास्तर मला हवे आहेत – घरी, जेवायला, भांडायला, सगळ्याला. पण केबिनमध्ये नकोत. दिवसभर शेजारी धप्प-धप्प, मी गाणार नाही, थांबणार नाही, आणि महिन्याभरात एकमेकांची तोंडं बघवणार नाहीत. हे त्यांना सांगायचं कसं? नुकतेच रिकामे झालेत. सकाळी उठून कपडे करून तयार होतात आणि मग आठवतं की कुठे जायचं नाहीये. हे मी रोज बघते. आणि तरीही नको वाटतं. आहे हे असं आहे.

११ मार्च, बुधवार

डबल केबिन बघितली. लेकीसाठी. ह्या वेळी मी हट्टाने पाचही दरवाजे गोडाऊनमधून मागवून हौद्यात चढवून ट्रायल घेतली. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मागच्या सीटमुळे हौदा आखूड, त्यामुळे दरवाजे फाळक्यावरून बाहेर डोकावत होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर घेतली तर मागून नाचायला लागली. एक दरवाजा आपोआप उघडायचा, आपोआप लागायचा. भुताटकी नुसती!

मास्तर डावीकडे. धप्प.

शेवटी मी म्हटलं, अहो, तिथे ब्रेक नाहीये. "माहीत आहे," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी उगाच बोलले असं वाटलं. पण परत येतानाही चालूच!

१२ मार्च, गुरुवार

मास्तर आज चहा पिताना म्हणाले, अजून बघू, घाई नको. त्यांना गाड्या बघायचा उत्साह माझ्याहून जास्त. का ते मला कळतं. कुठल्या सीटवर आपल्याला बसायचंय ते बघताहेत.

१६ मार्च, सोमवार

सापडली!!

शोरूममध्ये नव्हतीच. मागच्या अंगणात उभी होती, मागच्या वर्षीचं मॉडेल, धुळीने माखलेली. तोंड बेडकासारखं. ह्या गाडीला कोणी विचारत नाही मॅडम, असं विकणाराच म्हणाला. (मी असा दरवाजा विकला असता तर मालकांनी घरी बसवलं असतं.) दोनच सीट, हौदा लांब आणि इतका बुटका की दरवाजा मी एका दमात वर सरकवला. क्लच लोण्यासारखा. पडदा नाही, गाण्यांसाठी साधा रेडिओ. रंग चिखलाचा. यापेक्षा मळखाऊ रंग देवालाही सुचला नसता.

खड्ड्यांतून नेली. स्प्रिंगचे पाटे थोडे कडक आहेत, पण दरवाजे चूपचाप उभे. गावाबाहेरच्या मोठ्या वळणावर मी गायला लागले होते, मग आठवलं की शेजारी मास्तर आहेत, आणि गप्प बसले.

उतरल्यावर त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. टायर दाबून बघितला. दोनच शब्द बोलले – "ही घे."

माझ्या वाटेवरच्या चार गॅरेजांना फोन केले. चौघांनीही सांगितलं, हिचं काम डोळे मिटून करतो.

१७ मार्च, मंगळवार

आनंदात विरजण माझं मीच घातलं. दोनच सीट. एक माझी. दुसरी कोणाची, हे सांगायला ज्योतिषी नको.

१९ मार्च, गुरुवार

दुपारी फिटरकडे गेले होते, हौद्यात दरवाजे उभे राहायला खाचा करून घ्यायच्या होत्या. तिथेच डोक्यात वीज चमकली. बिजागऱ्या, कुलुपं, हँडलं यांचे नमुने मी आजवर पायाशी पिशवीत कोंबून नेत आले. वळणावर सगळं खळ्ळकन सांडतं. डावी सीट काढून तिथे खणांचं रॅक बसवलं तर? फिटर म्हणाला, चार बोल्ट. सीट बाहेर, रॅक आत.

रॅकची गरज खरी आहे. अगदी खरी. पण मी एवढी खूश का झाले, तेही मला माहीत आहे.

२० मार्च, शुक्रवार

जेवताना सांगितलं. ताटाकडे बघूनच सांगितलं. डावी सीट काढते म्हणतेय, नमुन्यांसाठी.

मास्तरांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "चांगली कल्पना आहे." लगेच म्हणाले. फारच लगेच. उठून टेप काढून आणली, कागदावर खण आखायला बसले. कुलुपं खाली ठेव, जड असतात. हँडलं वर. एवढे हौसेने बोलत होते!

वाईट वाटलेलं लपवताना ते नेहमी असेच जास्त बोलतात. मला भात गेला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

बेडूक घरी आला! मालक स्वतः बघायला आले, चक्कर मारून म्हणाले, दिसायला काही खास नाही. मी म्हटलं, साहेब, मीही नाही, पण दरवाजे विकले जातात ना? हसले. जुन्या पिकअपचं काय करायचं विचारलं, तर तिला आता कोण घेणार, हवी तर तुम्हीच ठेवा म्हणाले. मी नको म्हणणार, तेवढ्यात मास्तर मागून पुढे आले – मी ठेवू का? कशाला, विचारलं, तर म्हणाले, असंच.

असू दे. हात गुंतून राहतील.

३१ मार्च, मंगळवार

पहिली फेरी. काय सांगू! खण जिथल्या तिथे, एक बिजागरी सांडली नाही. एका सुताराने पाचही दरवाजे उघडून-लावून बघितले, मग सगळ्यांत महागडा परत उघडला, आणि मला कळलं की आता हा घेणार. घेतला! येताना इतकी गायले की घसा बसला. ट्रकवाला शेजारून जाताना बघत राहिला, तरी थांबले नाही.

फक्त एक गंमत. कोपऱ्यावर सायकलवाला अचानक आडवा आला. मला तो लांबूनच दिसला होता, आरामात थांबले. आणि कान आपोआप डावीकडे गेले. धप्प आलं नाही.

४ एप्रिल, शनिवार

आज लवकर परतले. दारात जुनी पिकअप उभी, धुतलेली, नवा क्लच घातलेली. आत डोकावले तर डावी सीट गायब! व्हरांड्यात बघते तो दोन सीट शेजारी-शेजारी, एक माझ्या बेडकाची, एक जुन्या पिकअपची, आणि त्यातल्या एकीवर मास्तर पाय पसरून चहा पीत बसलेले. गुणगुणत होते. मला बघून एकदम सावरून बसले, चोरी पकडल्यासारखे.

मी विचारलं, हिची सीट का काढली? कप खाली ठेवला. मग म्हणाले, "रागावू नकोस. इतकी वर्षं डावीकडे बसून दुसऱ्याच्या हातात जीव दिला. आता मला एकट्याला चालवायचीय. शेजारी कोणी नको. कुठेही जाईन, मनाला येईल तिथे थांबेन. सीट असली की कोणीतरी बसणारच ना?"

म्हणजे ह्यांनाही सोबत नको! पुढचं ऐकून तर खालीच बसले. लेकीने त्यांनाही फोन केला होता. मी 'चला बरोबर' म्हणते की काय, या धास्तीत हे इतके दिवस होते. रॅकचं ऐकलं तेव्हा कुठे सुटल्यासारखं वाटलं म्हणे. म्हणून तो उत्साह! मला आधी हसू आलं, मग जरा रागच आला. इतकी धास्ती? मी काय वाघ आहे?

"मग प्रत्येक गाडीत डावीकडे कशाला जाऊन बसत होतात?"

"मला गाडी तिथूनच कळते," म्हणाले. "माझा पाय सांगतो. त्या पहिल्या गाडीत समोरच्या काचेशेजारचा खांब जाड होता. कोपऱ्यावरचे आजोबा मला दिसले तरी तुला दिसत नव्हते. दुसरी ब्रेकला मागून सरकत होती. तिसरीत माझा पाय उठलाच नाही, एकदाही नाही. म्हटलं, हिच्यातून ही रोज नीट घरी येईल."

आत जाऊन धुतलेलीच भांडी परत धुतली. डोळे वाहत होते. मी त्या धप्प-धप्पला किती नावं ठेवली! आणि तिसऱ्या गाडीत तो आवाज आलाच नव्हता, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

५ एप्रिल, रविवार

मंगळवारी लांबची फेरी, एक मुक्काम आहे. संध्याकाळी व्हरांड्यात त्या दोन सीटवर बसलो असताना मीच म्हणाले, ह्या फेरीला चला माझ्याबरोबर. रोज नको, ह्या वेळी. मी गाते मात्र, बेसूर.

मास्तरांनी वळून दारातल्या बेडकाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या गाडीत येईन. तिथे पाय उठत नाही. पण बसू कुठे?"

चारच बोल्ट आहेत. पाना कुठे ठेवलाय तो शोधतेय.