सुशी आणि पांडवांची रास

१८ नोव्हें., सोमवार. जयसिंगपूर

सकाळी सुशी पिशवी भरून दारात. दोन पातळं, कंगवा, रेशनकार्ड. "कुठं?" म्हटलं. "घरी." हेच की घर, म्हटलं, तर पिशवी काखेत घट्ट धरली.

या महिन्यात तिसऱ्यांदा. डॉक्टर म्हणाले होते, विसरणं वाढतच जाणार, बायकोशी वाद घालू नका. मग घालत नाही. घेऊन जातो. चंदगडकडं तिच्या भावाला, दत्तूला, फोन केला. "या की दाजी. आक्काचंच घर हाय."

१९ नोव्हें.

एस.टी.नं आलो. जन्मभर ह्याच रस्त्यावर गाडी चालवली, आज पॅसेंजर. प्रत्येक वळणाला उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता. सुशी खिडकीशी. गाव यायच्या आधी गावाचं नाव सांगायची. एकही चुकलं नाही. घरी बाथरूमचं दार सापडत नाही तिला.

कापलेल्या भाताचा वास सगळीकडं. पोचल्या पोचल्या चुलीपुढं जाऊन बसली.

२१ नोव्हें.

दुपारी म्हणाली, "वर जाऊया." दत्तूनं वाट दाखवली. काजूच्या बागेमागनं डोंगर, दमानं चढलो. मला दमा, तिला काही नाही.

वर सपाटी. मधोमध दगडांची रास, पुरुषभर उंच, भोवती मोठ्या दगडांचं कडं, निम्मं मातीत. गावात म्हणतात पांडवांची रास. पलीकडं डोंगर एकदम तुटतो, खाली कोकण. आणि लांब, अगदी लांब, एक चकचकीत रेघ. समुद्र. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की इथनं दिसतो.

सुशीनं एक दगड उचलून राशीवर ठेवला. मग मला म्हणाली,

"पावणं, बसा. त्या दगडावर न्हवं, हिकडं. आत माणूस निजलंय."

पावणं. मला.

बसलो. वारा होता. ती बोलत होती, मी ऐकत होतो.

"माझं लगीन ठरलंय. जयसिंगपूरकडचा हाय. ड्रायव्हर."

"कसा हाय?"

"त्वांड बघितलं न्हाय. हात तेवढं बघितलं. चहाची बशी थरथरत हुती."

खरंय. थरथरत होती. मी विसरलो होतो.

"मग जाणार का?"

"आई म्हणती जा. मी रोज हिथं येऊन ह्याला इचारती." राशीकडं बोट. "काय बोलत न्हाय."

मी म्हणालो, चांगला आहे म्हणतात तो. मग माझीच मला लाज वाटली.

२३ नोव्हें.

परत वर. रोजचंच झालंय. दत्तू आज बरोबर होता. सांगत होता, कॉलेजातल्या एक बाई येऊन मोजून गेल्या. म्हणाल्या, थडगं आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचं. कुणाचं ते कळायचं नाही आता. नाव नाही, काही नाही.

दोन दगडांच्या फटीत हात घातला. आत गार. बाहेर ऊन मी म्हणत होतं. एवढे दगड कुणी वर आणले असतील, किती दिवस, आणि ज्याच्यासाठी आणले तो…

सुशी सावलीला झोपली होती, गालाखाली तळवा. वीस वर्षांची दिसत होती. थोडा वेळ मलाही कळेना, मी कोण.

२४ नोव्हें.

जेवताना दत्तू म्हणाला, "दाजी, आक्का हिथं शांत हाय. जेवती, निजती. ठेवा हिथंच. तुम्हीबी रावा."

"पावसाळा?" म्हटलं. इथला पाऊस म्हणजे चार महिने भिंती ओल्या. मागं एकदा आठ दिवस राहिलो, नवव्या दिवशी दम्यानं दवाखान्यात.

त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "मग तिला तरी ठेवा."

वाईट बोलला नाही. बरोबरच बोलला. त्याच्या बायकोनं भाकरी वाढली, ती तशीच ताटात राहिली.

२६ नोव्हें.

उद्या साडेनऊची गाडी. एक तिकीट का दोन, ठरत नाही. दत्तूला अजून काही सांगितलं नाही.

दुपारी वर. धुकट होतं. धीर करून विचारलं, "त्या ड्रायव्हरला काय सांगू?"

गवताची काडी सोलत म्हणाली,

"त्याला म्हणावं, हिथं येऊन इचार. दुपारची मी हिथंच असती."

"इचारलं की."

"तुम्ही न्हवं, पावणं. त्यानं."

उतरताना ती पुढं, पायाखालची वाट असल्यागत. मी मागं, धापा टाकत. एका वळणावर ती थांबली. वळून बघितलं नाही. मी पोचेपर्यंत तिथंच उभी. मग चालायला लागली.