बिनपेटीचे स्पीकर आणि बाबांचे कान

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. भावजींच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार (मागच्या वेळी ते फोनवर गुडघ्यांबद्दलच इतकं बोलले की बाकीच्या भावजींची चौकशी राहूनच गेली). आम्ही खुशाल आहोत. म्हणजे घरात इतकी शांतता आहे की खुशाल आहोत असंच म्हणावं लागेल. पत्र त्या शांततेबद्दलच आहे, तेव्हा गॅस बंद करून वाच.

बाबांना कमी ऐकू येतं हे तुला ठाऊक आहेच. उभा जन्म तारऑफिसात कट्ट-कडकट्ट ऐकण्यात गेला, कान झिजणारच, असं आपण परस्पर ठरवून टाकलं होतं. कानात यंत्र घालायला ते तयार नाहीत. रेडिओ मात्र एवढा मोठा लावायचे की बातम्या देणारा आपल्याशीच भांडायला आलाय असं वाटावं. त्यात ही घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. रेडिओ लागला की ही लाल पेन्सिल घेऊन बाहेर यायची, "बाबा, जरा हळू!" म्हणायची, बाबा "आं?" करायचे, मग दोघांची जुंपायची, आणि शेवटी घसा सुकला म्हणून दोघं चहा घेत बसायची. त्या चहावर बाबा एखादी तारऑफिसातली जुनी गोष्ट सांगायचे, हिने ती आधी ऐकलेली असायची, त्यावरून पुन्हा जुंपायची. एक दिवस हिने निर्वाणीचं सांगितलं, घरात हा रेडिओ तरी राहील नाहीतर माझं काम तरी. बाबा म्हणाले, ठीक आहे, मी ताईकडे जातो. ताई, बाबा गेले तर मला या घरात करमायचं नाही, हे स्पष्टच लिहितो. म्हणून मी करवत हातात घेतली.

आता नीट लक्ष दे (भावजींना पुढचा भाग वाचून दाखवू नकोस, ते शंका काढतील). साधा स्पीकर पेटीत असतो. पेटी काढून टाकली आणि तो नुसत्या फळीला भोक पाडून बसवला, तर आवाज जितका पुढे जातो तितकाच मागे जातो, आणि फळीच्या कडेला पुढचा नि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. तिथे जवळजवळ सामसूम! हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं (ही म्हणाली, भुसा गेला असेल). शिवाय जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक लहान लहान स्पीकर लावले, की आवाज वरखाली न सांडता सरळ समोर जातो. म्हणजे फळ्यांसमोर बाबांची खुर्ची, फळ्यांच्या कडेला हिच्या खोलीचं दार. एकाच घरात दोघांचीही सोय. संसाराला आणखी काय लागतं?

सुताराने भोकांची रांग बघून विचारलं, कबुतरं पाळताय का. मी त्याला शास्त्र समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भोकांखाली बसायला दांड्या लावू का, असं विचारलं. पहिल्यांदा रेडिओ लावला तेव्हा बातम्या देणारा नाक चिमटीत धरून बोलत होता, कारण पेटी नसली की खालचे जाड सूर कडेवरून वळून मागच्यांशी मिटून जातात. मग फळ्यांना दोन्हीकडे बिजागरीचे पंख जोडून त्या रुंद केल्या. तेव्हापासून कपाट अर्धंच उघडतं (माझे शर्ट निघतात, विजारी निघत नाहीत). तरी आवाजात कुठेतरी खड्डा राहिलाच. मी डोकं खाजवत होतो, तर बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "वरून पाचवा उलटा बोलतोय." मी एकेका स्पीकरला बॅटरीचा सेल लावून पडदा पुढे येतो की मागे जातो ते पाहिलं. पाचव्याच्या तारा खरंच उलट्या जोडलेल्या. कान गेले तरी माणसाचा अंदाज शाबूत राहतो, याचं मला फार कौतुक वाटलं. मागच्या बाजूचा आवाज खिडकीतून थेट गल्लीपलीकडच्या शिंप्याकडे जातो, याचा विचार मात्र राहून गेला होता. त्याची तक्रार आली. हवामानाचा अंदाज मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, तेवढा मोठा लावत जा म्हणाला.

असो. जमलं, ताई! हिच्या टेबलापाशी रेडिओचा मागमूस नाही. लाल पेन्सिल बाहेर येईनाशी झाली. चहासुद्धा ज्याचा त्याने घ्यायचा. आणि इतकं करून बाबांनी काय करावं? खुर्ची ओढत नेऊन नेमकी फळीच्या कडेला, हिच्या दाराशी लावली. म्हटलं, बाबा, इथे काही ऐकू येत नाही. म्हणाले, माहीत आहे. मी खुर्ची जागेवर आणली, खडूने खुणा केल्या, पण दुपारी बघावं तर स्वारी पुन्हा दाराशी. ही म्हणते, हल्ली शांततेत पेंग येते आणि चुका सुटतात. आणि काल बाबांनी बॅग काढली. या घरात कुणी भांडतसुद्धा नाही, मी ताईकडे जातो, म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाला शांततेचा त्रास होतो, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. माझं कुठे चुकलं, तुला कळलं तर कळव.

मुलांना आशीर्वाद, गुडघ्यांना आराम.

तुझा,
भाऊ

ता.क. पत्र खरं एवढ्यासाठीच लिहिलं: बाबांनी तुला विचारलं, तर घर रंगवायला काढलंय, पाय ठेवायला जागा नाही, असं ठोकून दे. तुला पाप लागणार नाही, लागलं तर मला लाव. पण त्यांना बोलावू नकोस गं.

ता.क. २. पत्र हिला दार लावून, अगदी हळू वाचून दाखवलं. हिने नुसते डोळे पुसले. (भुसा तर मी कधीच झाडून काढलाय.) पत्र उद्या पेटीत टाकायला बाबाच जाणार आहेत. तेवढेच त्यांचे पाय मोकळे होतील.

(पाकिटाच्या पाठीवर, ठसठशीत अक्षरात)

चि. ताईस. पाकीट उघडले नाही. गरज नाही. काल बंद दारातून सर्व ऐकले. शब्दन्‌शब्द. कान पहिल्यापासून शाबूत. रंगाची थाप नको. खालून दुसराही उलटा, त्याला सांगू नये. मी येत नाही. आज सकाळी सूनबाई पेन्सिल घेऊन बाहेर आली. रेडिओ बंद होता. तरी भांडली. चहा झाला. बाबा.