रत्नाच्या रंगाची बाटली

१२ फेब्रुवारी १९८४, रविवार

दिवाळीनंतर इथे एक ओळ नाही. चुकलंच माझं. लिहायला बसलं की रत्नाबद्दल लिहावं लागणार, म्हणून बसतच नव्हते.

तर लिहिते. पोरीच्या डाव्या कानाखाली डाग आलाय. पांढरा. गणपतीत चण्याएवढा होता, आता मानेवर उतरलाय. विचारणाऱ्यांना सांगतो, भाजलं. हे पहिल्यांदा मीच बोलले.

काल तिला पत्र आलं. सांताक्रूझला, विमानतळाजवळच्या हॉटेलात स्वागतिकेची जागा, आठ मार्चला मुलाखत. बी.ए. झाल्यापासून पहिलंच बोलावणं! संपात गिरणी गेली तेव्हापासून हे वॉचमनचं काम करतात. माझ्या शाळेच्या ऑफिसातल्या पगारात किती ओढायचं? ही नोकरी हवीच.

पत्र वाचून रत्ना आधी आरशाकडे गेली. माझ्याकडे नाही.

१५ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर मुलुंडला सरळ घरी न येता घाटकोपरला उतरले. कटलरीच्या दुकानात फाउंडेशन मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा! परदेशी बाटल्यांकडे बघायचंच नाही. देशी, परवडणारी होती एक, तिच्यात तीन रंग. तिन्ही गोऱ्या बाईचे. रत्ना माझ्यावर गेलीय, चांगली सावळी.

"याहून गडद नाही?"

दुकानदार हसला. "बेन, लोग गोरा होने के लिए लगाते हैं. काला होने को पैसा कौन देगा?"

शेजारची बाई हसली. मीही हसले! का हसले मी?

त्यातली सर्वांत गडद बाटली घेतली.

१६ फेब्रुवारी

डाग झाकला, पण मानेवर राखेचा पट्टा उठला. रत्ना म्हणाली, "पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसते मी." हे म्हणाले, "ट्यूबलाइट बंद करा, झकास दिसेल." बिचाऱ्यांनी हसवायला म्हटलं असेल. कोणी हसलं नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

तुळशीची कुंडी रंगवायला आणलेला गेरू उरला होता. फडक्यातून गाळला, बाटलीतल्या रंगात कणाकणाने मिसळत गेले. हुबेहूब रत्नाचा रंग! तिला दारात उजेडात उभं केलं — गॅलरीत कोणी नाही ना, ते आधी बघून.

गेरू कुंडीला लावायचा. मी पोरीच्या मानेला लावतेय. आणि मला त्याचा आनंद झाला, हे लिहून ठेवते.

२६ फेब्रुवारी, रविवार

बोरिवलीला लवूभावोजींच्या मुलीचा साखरपुडा. म्हटलं, मुलाखतीआधी चारचौघांत लावून बघू. हॉलमध्ये पंखे दोनच. रत्नाला घाम सुटला. आणि भावोजी भर हॉलमध्ये ओरडले, "अरे, पोरीच्या मानेतून रक्त येतंय!"

मानेवरून लाल ओघळ, पांढऱ्या ब्लाउजवर उतरलेला. गेरू! बायका धावल्या. कोणी हळद आणा म्हणतंय, कोणी डॉक्टर. रत्ना माझ्या कानात एवढंच म्हणाली, "आई, वाट लागली."

तिला मोरीत ओढलं, कडी घातली, मान धुतली. डाग उघडा पडला. रुमाल गुंडाळून बाहेर आणलं. "हाराचा आकडा लागला," मी सांगितलं. किती सहज सुचतं मला! न जेवता निघालो.

२७ फेब्रुवारी

रत्ना सकाळपासून ब्लाउज घासतेय. गेरू काही निघत नाही.

३ मार्च

शाळेच्या गॅदरिंगला दाढ्यामिशा दादरच्या एका दुकानातून येतात. तिथे नाटकवाल्यांचे रंगही असणार, हे आधी का सुचलं नाही? आज रत्नाला घेऊन गेले. रंगाच्या कांड्या, नावं नाहीत, नुसते आकडे. किंमतही आवाक्यातली. दुकानात अंधार, म्हणून फुटपाथवर उन्हात तिची मान पुढे करून एकेक लावून पाहिला. येणारेजाणारे थांबून बघत होते. ती खाली बघत उभी.

सापडला! बोटाने घासला तरी निघेना. डाग कुठे होता, ते मलाही दाखवता येईना.

"हा आम्ही कोळ्याच्या पार्टाला देतो," दुकानदार म्हणाला.

"झकास," रत्ना म्हणाली. कुठल्या सुरात, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

८ मार्च

मुलाखतीत डाग कोणालाच दिसला नाही. कोणी विचारलं नाही. इंग्रजीचं कौतुक केलं म्हणे. मग तिथल्या बाईंनी रत्नाला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काउंटरला आम्ही जरा उजळ मुली घेतो. तू आत टेलिफोनवर बसशील का?"

म्हणजे दुकानं पालथी घालून मी जो रंग जुळवला, तोच त्यांना नको होता!

"मग काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं."

हे भडकले. "पगार तो पगार! आत बसून तुझं काय जाणार होतं?"

"बाबा, लपूनच बसायचं तर घर काय वाईट आहे?"

मी भाकरी थापत राहिले. तव्यावरची करपली. डावी बाजू भिंतीकडे कर, पदर वर घे — गणपतीपासून हेच सांगतेय मी तिला. त्या हॉटेलातल्या बाईंवर कुठल्या तोंडाने रागवू?

घरात कोणी जेवलं नाही. नोकरी गेली. आणि ती बरोबर वागली की चूक, हेही मला ठरवता येत नाही.

१० मार्च, शनिवार

सकाळी नळावर शेजारच्या रुक्मिणीकाकी. रत्ना कळशी घेऊन गेली. केस वर बांधलेले, मान धुतलेली, काही लावलेलं नाही.

"गो बाय, मानेर ह्या काय जाला गो?"

दारातून मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"कोड आसा, काकी," रत्ना म्हणाली. "तुमची कळशी भरली, काढा."

काकींनी कळशी काढली.

उद्या: रत्नाचे दोन ब्लाउज शिवायला टाकणे. बंद गळा नको.