दाजींना टेन्शन द्यायचं नाही

घोडेगाव,
बाजाराचा दुसरा दिवस

चि. रविराजला आक्काचे आशीर्वाद. पूजाची कंबर आता कशी आहे? पेरूला यंदा बहार बरा आहे असं गनीभाई सांगत होते, ऐकून बरं वाटलं. आम्ही इकडे सगळे सुखात आहोत (हे पत्रात लिहायचंच असतं, तू पुढं वाच). फोन का नाही केला म्हणशील, तर आमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या ओट्यानं ऐकायची रीत आहे, आणि हे तुझ्या दाजींच्या कानावर जाता कामा नये. म्हणून ही चिठ्ठी गनीभाईंच्या टेम्पोतून राहात्याला धाडते.

तर दाजींना बीपी निघालं. झालं असं की मागच्या महिन्यात त्यांनी मध्यस्थी करून एक गाय विकून दिली. "लई गरीब हाय, लेकरानं धार काढावी," असा शब्द दिला. त्या गरीब गाईनं पहिल्याच संध्याकाळी घेणाऱ्याला बादलीसकट उडवलं, आणि तो माणूस भर बाजारात यांना नाही नाही ते बोलला. दलालाचा शब्दच गेला तर मागं उरतं काय? यांची झोप उडाली, डोकं ठणकायला लागलं. शेवटी आमच्या सृष्टीनं (बापावर फक्त लेकीचीच जरब चालते) त्यांना दवाखान्यात चलायला लावलं. मीही गेले.

तिथं निराळंच रामायण. डॉक्टरांनी नाडी बघायला मनगट धरलं. आता तुला ठाऊक आहे, गुरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. यांचा हात कुणी धरला की डोकं थांबतं आणि सवय चालायला लागते. खांद्यावरचा टॉवेल झटक्यात दोघांच्या हातांवर टाकला, डॉक्टरांची तीन बोटं गच्च आवळली आणि मान हलवून म्हणाले, "न्हाई परवडत!" डॉक्टर बिचारे शहरातले. "काका, हे काय?" म्हणाले, तर यांचं उत्तर, "आधी तुमीच धरलं की!" सृष्टी तोंड दाबून बाहेर पळाली. बायकोला पळता येत नाही, मी बसून राहिले.

मग दंडाला पट्टा बांधून डॉक्टरांनी विचारलं, कसली काळजी आहे का? "कसलीच न्हाई," असं हे म्हणाले, पण मशीन यांच्यासारखं खोटं बोलत नाही. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मनाला घोर लागला की अंगाला वाटतं संकट आलं, मग शिरा आवळतात आणि रक्त जोरानं धावतं. एखाद्या दिवशी ठीक. पण रोजचंच झालं तर शिरांचं आतलं अस्तर बिघडतं, त्या ताठर होतात, उन्हात पडलेल्या ठिबकच्या नळीसारख्या. मग काळजाला धोका, मेंदूला धोका. गोळी घ्या, मीठ कमी करा, पण घरच्यांनी टेन्शन देऊ नका म्हणाले. या माणसाशिवाय मला घर माहीत नाही.

त्या दिवसापासून घरात एकच कायदा. विहिरीवरची मोटर जळली, मी सांगितलं लाईट नाही (हे आठवडाभर वायरमनचा उद्धार करत होते). सृष्टीचा एक विषय राहिला, सांगितलं निकालच लांबला. गाईवाला अजून भांडायला येतो. त्याला मागल्या दारी चहा पाजते, त्याचं सगळं ऐकून घेते, वाटेला लावते, आणि पुढं येऊन हसत सांगते की शेजारचे विरजण मागायला आले होते. (यांना वाटत असेल, सगळ्या गावाचं दही आमच्याच घरून लागतं.) पण गुण आला. परवा आकडा चांगला खाली आला. हल्ली रात्री घोरतातसुद्धा. घोरणं इतकं गोड लागतं हे मला या वयात कळलं.

बाकी क्षेम.

तुझी
बनुआक्का

ता. क. पेरू पाठवशील ते गोडच पाठव. जरा आंबूस लागला की हे मीठ लावतात.

आणखी एक ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले. परवा यांचं झाल्यावर डॉक्टरांनी सहज तो पट्टा मला बांधला. माझा आकडा यांच्या पहिल्या आकड्याच्याही वर निघाला (लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी यांच्यापेक्षा वरचढ ठरले). हे बाहेर चपला शोधत होते म्हणून मी वाचले. नगरला जाऊन तपासण्या करायला सांगितल्यात. तू सोमवारी गाडी घेऊन ये, कुणाच्या तरी लग्नाच्या बस्त्याला नेतो म्हण. रात्री छातीत धडधडतं. एकटीनं जायची भीती वाटते रे.

रविराज पाव्हणं, रामराम. हितनं पुढं लिवतोय तो मी, तुमचा दाजी. गनीभाईचा टेम्पो बिघाडला, चिठ्ठी परत द्यायला आला तर दारात मीच हुतो. वाचायला नको हुती, पन वाचली. मोटर जळल्याचं मला त्याच दिशी कळलं हुतं. विरजन मागायला कोन येतं ते बी ठाऊक हाय. ती हसून सांगायची, म्हनून मी बी गप ऱ्हायलो. आकडा उतरला तो गोळीनं. झोप आजून न्हाई. मी झोपलो आसं वाटलं की ती डोळे मिटती, म्हनून घोरतो. सोमवारी गाडी घिऊन याच. तुमी पुढं बसा. मागं तिच्याजवळ मी बसनार हाय.